थँक्सगिव्हिंगची टर्की कापायची आहे: सांधे, सुरी आणि वाढण्याची रीत

पंचगंगा | २ नोव्हेंबर

मंडळी, यंदा थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथे अमेरिकेतल्या आभाराच्या सणाला, टर्की कापायचं काम माझ्याकडे आलं आहे. ते नीट पार पडावं अशी मनापासून इच्छा आहे, म्हणून हा धागा.

आमच्या थोरल्याची बायको इथलीच, ओहायोची. गेली नऊ वर्षं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आम्ही तिच्या माहेरी जेवायला जातो. टर्की कायम व्याहीच कापतात. उभे राहतात, बाह्या दुमडतात, सुरी पोलादी दांडीवर दोन-चारदा ओढतात, आणि तेवढ्यात टेबलावरचं बोलणं आपोआप थांबतं. प्रत्येकाला नाव घेऊन विचारतात, कोणता भाग वाढू? स्वतःच्या ताटात शेवटी घेतात. घाई नाही, हाडावर घाव नाही, टेबलक्लॉथवर रसाचा थेंब नाही.

यंदा त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. गेल्या महिन्यात घरी आले, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली सुरी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "यंदा तुम्ही." त्यांना दोन मुलगे आहेत. तरी मला का, हे मी विचारलं नाही. व्याह्याने आपण होऊन हातात दिलेली वस्तू आहे, ती नीट धरायची एवढंच डोक्यात आहे.

मी कोल्हापूरचा. मटण खातच वाढलो, पण आमच्याकडे तोडायचं काम खाटकाचं. घरात येतं ते तुकडे होऊनच. अख्खा भाजलेला पक्षी सगळ्यांसमोर ठेवून कापायचा, ही सवय हाताला नाही. म्हणून गेले तीन रविवार कोंबडी भाजून सराव करतोय. पहिल्या रविवारी मांडीच्या हाडावर सुरी अडली, मी जोर लावला, वरचं खरपूस कातडं सरकून बाजूला आलं आणि छातीचा नुसता चुरा झाला. दुसऱ्या रविवारी थोडं बरं. तिसऱ्या रविवारी सुरी खाली ठेवली, तंगडी हातात धरली आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला दाबत गेलो. टक् असा बारीक आवाज झाला आणि खोबणीतून हाडाचा गोळा वर आला, पांढरा, ओला, वाटाण्याएवढा. त्याच्या भोवतीने सुरीचं टोक फिरवलं तर तंगडी हातात आली. जोर लागलाच नाही. तेव्हापासून झोपेतही सांधेच दिसतात.

आता प्रत्यक्षात १६ पौंडांची टर्की आहे, माणसं १४, त्यातली ५ शाकाहारी, जेवण दुपारी ३ वाजता आमच्या घरी. टेबलावर कापावी की आत? छातीचे काप हाडावरच काढावेत की छाती अख्खी सोडवून? आणि वाढताना काय पाळतात, काय चुकतं? नऊ वर्षं पाहिलंय, पण पाहणं वेगळं.

निखारा | २ नोव्हेंबर

पंचगंगा काका, तुम्हाला अर्धं जमलेलंच आहे. सांधा शोधायचा, हाड कापायचं नाही. मी २६ वर्षं हॉटेल लाइनमध्ये आहे, आधी मुंबईत बँक्वेटला, मग जहाजावर. डिसेंबरात रोज टर्की असायची. हातात बसलेलं सांगतो.

कापणं बिघडतं ते कापण्याच्या आधी. ओव्हनमधून काढल्या काढल्या सुरी लावलीत तर सगळा रस पाटावर वाहतो आणि ताटात कोरडं मांस जातं. १६ पौंडांच्या पक्ष्याला निदान अर्धा तास, मी म्हणेन ३५-४० मिनिटं नुसतं बसू द्या, वर फॉइल सैलसर टाका. घट्ट गुंडाळलंत तर वाफेने कातडं मऊ पडतं. भीती वाटते की गार होईल. एवढा मोठा पक्षी अर्ध्या तासात गार होत नाही, आणि वरून ग्रेव्ही कढत वाढायची असतेच.

शिजली का हे थर्मामीटरनेच बघा. मांडीच्या आतल्या भागात आणि छातीच्या सर्वांत जाड भागात १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस. टोक हाडाला टेकवू नका, खोटा आकडा येतो. स्टफिंग (पोटात घालायचं ब्रेडचं सारण) न भरता ३२५ अंशांवर या वजनाला पावणेचार ते सव्वाचार तास धरा. ३ वाजता बसायचं असेल तर १० ला आत गेली पाहिजे.

गोठलेली आणणार असाल तर फ्रीजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. तुमची रविवारी सकाळीच फ्रीजरमधून फ्रीजमध्ये आली पाहिजे. आतून बर्फ असलेली टर्की गुरुवारी कोणाच्याच हाताला येत नाही.

भाजायच्या आधी एक काम करा. मानेकडची कातडी मागे ओढा, तिथे इंग्रजी व्ही अक्षरासारखं काट्याचं हाड हाताला लागेल. दोन्ही बाजूंनी टोकाने मोकळं करून आधीच काढून टाका. छातीचे काप काढताना सुरी अडते ती याच हाडाला. हे काढलंत की पुढचं निम्मं काम सोपं.

आता क्रम. लाकडी पाट असा घ्या की कडेने खोबण असेल, रस त्यात साठतो. पाटाखाली ओलं फडकं घाला, म्हणजे सरकणार नाही. पाय बांधलेला दोरा कापा. मांडी आणि छाती यांच्यामधली कातडी फक्त चिरा, मांसात शिरू नका. मग कोंबडीला केलंत तेच: मांडी बाहेर दाबा, गोळा वर येऊ द्या. टर्कीत तो सुपारीएवढा असतो, चुकायचं कारण नाही. सुरी पाठीच्या कण्याला चिकटून न्या.

तंगडी आणि मांडी यांच्यामध्ये आतून चरबीची पिवळसर रेघ दिसते. तिच्या जरा खाली, तंगडीच्या बाजूला सुरी टेकवा. आपोआप सांध्यात उतरते. उतरली नाही तर जोर लावू नका, एक-दोन सूत इकडेतिकडे सरकवा. मांडीचं हाड खालच्या अंगाने रेघ मारून काढून टाका आणि मांडीचे आडवे काप करा. टर्कीच्या तंगडीत टणक तारा असतात, कोंबडीत असतात त्याहून कितीतरी जाड. म्हणून तंगडीचे काप करायच्या फंदात पडू नका, मागणाऱ्याला अख्खी द्या.

छातीबद्दल माझं ठाम मत: अख्खी सोडवा. मधलं उभं हाड आहे ना, त्याच्या एका बाजूला खेटून लांब चीर द्या, मग बरगड्यांच्या उतारावरून सुरी सरकवत जा, दुसऱ्या हाताने मांस अलगद बाहेर ओढत राहा. पूर्ण लादी निघते. ती पाटावर ठेवा आणि धाग्यांना आडवे, अर्ध्या बोटाच्या जाडीचे काप करा. प्रत्येक कापाला कातड्याची किनार आली पाहिजे. हाडावर ठेवून लांब काप काढले की ते धाग्यांच्या दिशेने निघतात आणि तोंडात चिवट लागतात.

करवतीसारखी सुरी मागेपुढे करू नका. लांब पात्याची घ्या, ८-१० इंची, आणि टाचेपासून टोकापर्यंत एकाच ओढीत कापा. व्याह्यांची सुरी धारेला लावून घ्या. बोथट सुरीच हात कापते.

दवबिंदू | ३ नोव्हेंबर

निखारा यांनी सुरी कण्याला चिकटून न्या म्हटलं, त्याचं कारण सांगते. मी पशुवैद्य आहे. कमरेच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक उथळ खळगा असतो, त्यात बशीसारखा मांसाचा एक गोल तुकडा बसलेला असतो. इंग्रजीत त्याला ऑयस्टर म्हणतात. फ्रेंच नावाचा अर्थ "मूर्खच तो मागे ठेवतो" असा काहीसा होतो. अख्ख्या पक्ष्यात हेच दोन तुकडे सर्वांत मऊ. सुरी कण्यापासून लांब राहिली की ते सांगाड्यावरच राहून जातात. बऱ्याच घरी असं होतं, मला फार वाईट वाटतं.

आणि पांढरं-गडद मांस का, हे जेवताना मुलं हमखास विचारतात. पाळीव टर्की दिवसभर चालते, उडत जवळजवळ नाही. सतत काम करणाऱ्या पायांच्या स्नायूंना प्राणवायू साठवून ठेवणारं मायोग्लोबिन लागतं, त्याचा तो गडद रंग. छातीचे स्नायू उडण्यासाठीचे, त्यांना काम कमी म्हणून ते पांढरे. दूर उडत जाणाऱ्या बदकाची छाती म्हणूनच गडद असते.

अजून एक. आपण चिकन-मटण तीन पाण्यांनी धुतो. टर्की सिंकमध्ये धुऊ नका. इथलं कृषी खातंही नको म्हणतं. धुण्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. टिपकागदाने कोरडी करा, बस.

सांजवात | ३ नोव्हेंबर

न्यू जर्सीत ३१ वर्षं झाली. माझं मत, टेबलावर अख्खी आणून दाखवायची, सगळ्यांनी डोळे भरून बघायची, आणि आत नेऊन कापायची. टेबलावर मेणबत्त्या, फुलं, बारा वाट्या; त्यात पाट ठेवायला जागा नसते आणि कोपर शेजारच्याला लागतं. आत सावकाश कापता येतं. मोठ्या गरम ताटात एका बाजूला पांढरे काप, एका बाजूला गडद, कडेला तंगड्या. काप पसरू नका, लादी होती तशी एकमेकांवर टेकवून ठेवा, उबदार राहतात.

वाढण्याचं म्हणाल तर आपल्या पंगतीपेक्षा फार वेगळं नाही. पाहुण्यांना आधी विचारायचं, पांढरं की गडद. "काहीही चालेल" म्हणाले तर दोन्हींतलं थोडं थोडं वाढायचं, उरलेलं खपवायचं नाही. कापणाऱ्याने मधूनच तुकडा तोंडात टाकायचा नाही. वाट्या उजव्या हाताकडे फिरवायच्या. सगळे एकाच दिशेने देतात म्हणून गोंधळ होत नाही. मीठ मागितलं तरी मीठ-मिरी जोडीने द्यायची. यजमानाने काटा उचलेपर्यंत थांबायचं.

एक मात्र वेगळं आहे, आग्रह. आपल्याकडे "अजून एक घ्याच" हे प्रेम. इथे एकदा विचारायचं, नाही म्हटलं की थांबायचं. दुसऱ्यांदा ताटात टाकलंत तर त्या माणसाला खरोखर अवघड होतं. मला हे शिकायला बरीच वर्षं लागली, आणि अजूनही हात पुढे होतो.

उंबरठा | ३ नोव्हेंबर

सांजवात, एरवी पटलं असतं. पण इथे व्याह्यांनी सुरी आणून दिली आहे. नऊ वर्षं ते टेबलापाशी उभे राहून कापत होते. यांनी आत जाऊन कापली तर त्यांच्या घरची रीत तुटेल, तीही त्यांचा हात थकलेल्या वर्षी. मी तर म्हणेन टेबलावरच कापा, थोडं वेडंवाकडं झालं तरी चालेल.

सांजवात | ३ नोव्हेंबर

उंबरठा, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग असं करा: एका बाजूची तंगडी, मांडी आणि छाती टेबलापाशी, लहान वेगळ्या टेबलावर पाट ठेवून. दुसरी बाजू आत. जुन्या घरांतून एकच बाजू आधी कापतात, दुसरी तशीच ठेवली की रस टिकतो.

तिरफळ | ४ नोव्हेंबर

आम्ही गोंयकार. नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरांतून टर्की लहानपणापासून बघितलेली. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याचं नाव "पेरू". आपण ज्या फळाला पेरू म्हणतो ते खात पाळलेल्या पेरूंच्या मागे धावायचो, याची आम्हा मुलांना मोठी गंमत वाटायची.

पण सांगायचं होतं ते जुनं. हिंदुस्थानातली टर्कीची सर्वांत प्रसिद्ध नोंद गोव्याशीच जोडलेली आहे. १६१२ मध्ये बादशाही सरदार मुकर्रब खान गोव्याहून नवलाच्या चिजा घेऊन जहांगीर बादशहाकडे गेला, त्यात हा पक्षी होता. माणसाळवला मेक्सिकोत, स्पॅनिशांनी युरोपात नेला, पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात आला. जहांगीराने आपल्या आठवणींत त्याच्या डोक्या-मानेचं वर्णन केलंय, कधी पोवळ्यासारखं लाल, कधी कापसासारखं पांढरं, सरड्यासारखे रंग बदलतो म्हणून. आणि आपला दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून चित्र काढून घेतलं. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मी पाहिलंय. मानेवरची एकेक गाठ रंगवलेली आहे, पिसांच्या कडा केसासारख्या बारीक. कापायच्या आधी पक्ष्याकडे इतकं निरखून पाहिलेला माणूस होता, हे मला फार आवडतं.

केळफूल | ४ नोव्हेंबर

त्या ५ शाकाहारी माणसांपैकी मी एक असते तर काय हवं असतं, ते लिहिते. माझं सासर अमेरिकन आहे आणि टर्कीच्या टेबलावर मी दरवर्षी बसते. पक्षी समोर कापला जातोय याचा मला त्रास होत नाही, आणि झाला तरी यजमानासमोर तोंड वाकडं करणं मला जमणार नाही. पण स्टफिंग टर्कीच्या पोटात भाजलेलं असेल तर ते आमचं नाही, त्याच ब्रेडचं वेगळ्या भांड्यात करा. ग्रेव्हीत पक्ष्याचा रस असतो, आमच्यासाठी मशरूमची वेगळी करा आणि वाटीजवळ तसं सांगा. सुरी-पाट वेगळा ठेवा. आणि कृपा करून "तुला काय, बटाटेच ना" असं म्हणू नका. माझ्या सासूबाई पहिल्या वर्षी भोपळा भाजून, आत अक्रोड आणि भात भरून घेऊन आल्या, टर्कीशेजारी ठेवला आणि तोही सासऱ्यांनी त्याच थाटात, काप करून वाढला. टर्की कापणाऱ्याच्या हातून वाढलं गेलं, याचं मला तेव्हा रडू आलं होतं.

उंबरठा | ५ नोव्हेंबर

केळफूल, हे फार मोलाचं लिहिलंत.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये शिकवतो, म्हणून एक गोष्ट जोडतो. ज्याला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात त्या १६२१ च्या, प्लिमथ या इंग्रज वसाहतीतल्या जेवणात तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांनी ५ हरणं आणली होती हे नोंदलेलं आहे. पक्ष्यांची शिकारही नोंदलेली आहे, पण टर्कीचं नाव त्यात नाही. राष्ट्राध्यक्ष लिंकनने १८६३ मध्ये राष्ट्रीय दिवस जाहीर केला, आणि चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला १९४१ मध्ये. त्याच प्लिमथमध्ये १९७० पासून मूळ रहिवासी या दिवशी शोकदिन पाळतात. आमच्याकडे टर्की टेबलावर आली की पहिला काप काढण्याआधी मी एवढंच सांगतो, कोणाच्या जमिनीवर बसून जेवतोय ते. मग आभार.

पंचगंगा | ५ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: एक बाजू टेबलापाशी, एक आत. भोपळा मीच कापणार, वेगळ्या सुरीने. निखारा, शंका एकच. कढत मांस धरायचं कशाने? व्याही मोठा दोनदाती काटा वापरतात.

निखारा | ५ नोव्हेंबर

काटा खुपसला की तिथून रस जातो. टेबलावर रीत म्हणून हाताशी ठेवा, पण मांसात रोवू नका, पाठीने दाबून धरा. आत मात्र हात स्वच्छ धुऊन घडी केलेला टिपकागद घ्या. बोटांना जे कळतं ते काट्याला कळत नाही. आणि जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत उरलेलं फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा.

पंचगंगा | २९ नोव्हेंबर

झालं. लिहायला दोन दिवस गेले, घर माणसांनी भरलं होतं.

२ वाजून १० मिनिटांनी मांडीत १६८ आलं. बाहेर काढली, ३५ मिनिटं झाकली. सुनेने तीनदा विचारलं, गार नाही ना होणार, मी घड्याळाकडे बोट दाखवत राहिलो. खिडकीजवळच्या लहान टेबलावर पाट मांडला आणि शेजारी व्याह्यांची खुर्ची ठेवली. उंबरठा, तुमचं ऐकून आधी दोन वाक्यं बोललो. मग व्याह्यांच्या पद्धतीने सुरी दांडीवर ओढली. बोलणं थांबलं.

कातडी चिरली, मांडी दाबली, गोळा वर आला. खरोखर सुपारीएवढा. कण्याच्या बाजूने जाताना एका ठिकाणी सुरी अडली. मी थांबलो. जोर लावायचा नाही एवढं लक्षात होतं, पण कुठे सरकवायची ते कळेना. व्याह्यांनी खुर्चीतूनच हात पुढे केला. बोट थरथरत होतं, तरी नेमकं जागेवर आलं, माझ्या पात्यापासून जेमतेम अर्धा बोट डावीकडे. "इथे," म्हणाले. सुरी तिथे नेली आणि ती लोण्यातून जावी तशी गेली. मांडीला चिकटून तो गोल तुकडा अख्खा आला.

दवबिंदू, तो तुकडा मी पहिल्यांदा त्यांच्या ताटात ठेवला. ते म्हणाले, हा कापणाऱ्याचा असतो, गेली चाळीस वर्षं मी स्वयंपाकघरात उभ्याने खाल्लाय. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूला अजून एक आहे. तेव्हा खाल्ला.

छातीची लादी सोडवताना खालचं थोडं मांस बरगड्यांवर राहिलं, दोन काप मोडले. ते मी माझ्या ताटात घेतले. बाकीच्यांना कातड्याच्या किनारीसकट मिळाले. भोपळा वेगळ्या पाटावर, त्याच जागी उभं राहून कापला आणि आधी विहीणबाईंना वाढला, त्यांनी यंदापासून मांस सोडलं आहे. सांजवात, आग्रह एकदाच केला. दोनदा हात पुढे गेला होता, बायकोने पाहिलं.

सांगाडा शुक्रवारी सकाळी मोठ्या पातेल्यात घातला, आलं-लसूण, हळद, मीठ, आणि तीन तास मंद आचेवर अळणी, म्हणजे आमच्याकडचं हाडांचं सूप, काढली. खसखस, तीळ, काजू वाटून नारळाचं दूध घालून पांढरा रस्सा केला, बरगड्यांवरचं राहिलेलं मांस सोडवून त्यात टाकलं. व्याही दुपारी सुरी न्यायला आले होते. दोन वाट्या रस्सा प्यायले, रेसिपी लिहून मागितली, आणि जाताना सुरी टॉवेलासकट टेबलावरच ठेवून गेले.

काट्याचं हाड नातीने खिडकीत वाळत घातलंय. सोमवारी ओढणार आहे, एक टोक तिचं, एक आजोबांचं; मोठा तुकडा ज्याच्या हाती, त्याची इच्छा पुरी होते म्हणतात. कोणत्या आजोबांचं ते अजून ठरायचं आहे.